हमी आणि आम्ही

आमच्या घराण्यात नवी वस्तू विकत घेण्याची पद्धत नाही. हा कंजूषपणा नव्हे, ही परंपरा आहे. वडिलांची सायकल त्यांच्या हेडक्लार्कने वापरून सोडलेली होती. माझी शाळेची पुस्तकं अप्पा बळवंत चौकातून निम्म्या किमतीत येत आणि त्यांतल्या अवघड गणितांची उत्तरं आधीच्या मालकाने समासात पेन्सिलीने लिहून ठेवलेली असत. ती बहुधा चुकीची असत. माझ्या मुंजीतला कद तर तीन थोरल्या भावांना द्विज करून मग माझ्यापर्यंत आला होता. पण ऐन मंगलाष्टकांच्या वेळी "तुम्ही माझे मूळ बटू नाही" असं म्हणून त्याने कमरेवरून गळून पडायचं काही मनात आणलं नाही. वस्तू ज्याच्या हातात आहे त्याची, एवढा साधा व्यवहार त्या कदाला कळत होता.

तो एका मोठ्या कंपनीला कळत नाही, म्हणून हा लेख.

कंपनीचं नाव मी घेणार नाही. तिची वॉरंटी माझ्यापर्यंत पोचली नाही हे खरं, पण नाव घेतलं तर तिच्या वकिलाची नोटीस बरोबर माझ्या पत्त्यावर पोचेल. नोटिशीच्या बाबतीत या लोकांना मूळ ग्राहकच लागतो असं काही नाही.

तर झालं असं. बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाने एखादा छंद लावून घ्यावा असं सगळेच सांगतात. आमच्या चिरंजीवांनी फोनमध्ये चांगला कॅमेरा आल्यावर आपला जुना मोठा कॅमेरा मला देऊन टाकला, आणि मी फोटोग्राफर झालो. पहिले सहा महिने मी गॅलरीतल्या तुळशीचे फोटो काढले. तुळस बिचारी हलत नाही आणि फोटो कसा आला म्हणून विचारतही नाही. मग एक दिवस आत्याचा फोन आला.

आमची आत्या म्हणजे वय वर्षं ८०, आवाज मात्र २५ वर्षांच्या तमासगिराला लाजवणारा. ती म्हणाली, "बाळ्या, माझं सहस्रचंद्रदर्शन करणार आहेत म्हणे पोरं. करू देत. तू एक कर. माझा एक धड फोटो काढ. एकटीचा."

"काढू की. पण एवढं काय त्यात?"

"तुझ्या काकांच्या वेळी काय झालं आठवतंय ना?"

आठवत होतं. काका गेले तेव्हा भिंतीवर लावायला त्यांचा एकही फोटो सापडेना. शेवटी कोणाच्या तरी लग्नातला ग्रुप फोटो मोठा करून आणला. त्यात काकांच्या उजव्या खांद्यावर अजूनही एक अनोळखी हात आहे. त्या हातात पानाचा विडा आहे. गेली १७ वर्षं आत्या त्या फोटोला हार घालते आणि हार घालताना तो विडा झाकला जाईल असं बघते.

"माझ्या वेळी घाईघाईत आधारकार्डावरचा फोटो मोठा कराल," आत्या म्हणाली. "त्यात मी चोरासारखी दिसते."

एखाद्या बाईने आपल्या भिंतीवरच्या जागेची अशी तजवीज करावी, यात रडण्यासारखं काही असेल तर ते आत्याच्या आवाजात नव्हतं. दळण टाकून ये म्हणावं तशी ती बोलली. पण मला मात्र त्या रात्री झोप आली नाही. निम्मी झोप तिच्या बोलण्याने गेली आणि निम्मी आमच्या नाकाने.

आमच्या घराण्याचं नाक प्रसिद्ध आहे. कॅमेऱ्याबरोबर आलेल्या साध्या लेन्सने चेहरा भरून घ्यायचा म्हणजे माणसाच्या अगदी पुढ्यात जावं लागतं, आणि पुढ्यात गेलं की नाक आणखी पुढे येतं, कान मागे जातात. हा दोष खरं म्हणजे लेन्सचा नसतो, आपण फार जवळ जाण्याचा असतो. माणसं फार जवळून बघू नयेत हे नातेवाइकांनी शिकवलंच होतं, फोटोग्राफीने त्याला शास्त्राचा आधार दिला. दोन पावलं मागे सरकायचं तर लांब पल्ल्याची लेन्स हवी. जाणकार म्हणाले, ८५ मिलिमीटरची घ्या. नवी केवढ्याला? ४२ हजार. घराण्याची परंपरा माझ्या कानात हळूच बोलली आणि मी मुंबईला फोर्टात, बोराबाजारात जाऊन उभा राहिलो.

वापरलेली लेन्स कशी बघायची याचं शिक्षण मला त्या गल्लीत फुकट मिळालं. मागून बॅटरीचा उजेड टाकून तिरकं बघायचं. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी. मुंबईच्या पावसाळी हवेत ती काचेवर सुखाने नांदते आणि जुनी झाली की काचेवरचा मुलामा खाते. काचेच्या कडेला इंद्रधनुष्य दिसलं तर आनंदून जायचं नाही. दोन भिंगं चिकटवलेला गोंद सुटत चालल्याची ती खूण. अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर तेल नको. कडी फिरवताना कचकच नको. लेन्स कानाशी धरून हलवायची, आत खुळखुळ नको. एका दुकानदाराने तर पुढच्या कडेवरून बोट फिरवायला सांगितलं. म्हणाला, "साब, गिरी हुई लेन्स का दाँत टूटता है." मी नारळ याहून कमी तपासून घेतो आणि तरी नासका निघतो.

तिथल्या एका कपाटात मी जुन्या लेन्स बघितल्या आणि मला आपली माणसं भेटल्यासारखं वाटलं. निकॉनने १९५९ साली जो एफ माउंट काढला, त्याच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या कितीतरी लेन्स आजही फोटो काढतात. ज्याने ती नवी घेतली तो मनुष्य कधीच चित्रात राहिला नाही, लेन्स आहे. कॅननने १९८७ मध्ये आपला माउंटच बदलला, जुन्या एफडी लेन्स एका रात्रीत निराधार झाल्या. पण आजच्या कॅमेऱ्यांवर अडॅप्टरची कडी बसवून लोक त्यांच्यातून फोटो काढतातच. असाही कंपनीच्या (नावच 'असाही' असल्यामुळे तिच्याकडे काहीही घडू शकतं) सुपर टाकुमार जातीच्या काही लेन्सच्या काचेत थोरियम असायचं. ती काच वर्षानुवर्षं पिवळी पडत जाते आणि उन्हात ठेवली की पुन्हा स्वच्छ होते. म्हणजे बघा, लेन्स ही मुळात हस्ते परहस्ते जाण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू आहे. पापड उन्हात टाकणाऱ्या गच्चीवर तिचीसुद्धा सोय होऊ शकते.

पण माझे डोळे काही १९५९ सालच्या लेन्सइतके टिकलेले नाहीत. मला आपोआप फोकस होणारी हवी होती. तशी एक मुलुंडच्या एका मुलाकडे मिळाली. त्याची हौस आठ महिन्यांत फिटली होती. उजेड टाकून बघितलं, कानाशी धरून बघितलं, दात तपासले. लेन्स निर्मळ. त्याने खोकं दिलं, बिल दिलं, टोपण दिलं आणि शेवटी एखादा दागिना काढावा तसं एक चकचकीत कार्ड काढलं.

"काका, दोन वर्षांची वॉरंटी आहे. अजून सोळा महिने शिल्लक. म्हणून २८ हजार. नाहीतर २६ ला दिली असती."

म्हणजे त्या सोळा महिन्यांचे दोन हजार मी रोख मोजले, हे वाचकांनी लक्षात ठेवावं. पुढे उपयोगी पडणार आहे. कंपनीला पडलं नाही, निदान तुम्हाला पडो.

दोन महिने लेन्सने तुळशीवर उत्तम काम केलं. सहस्रचंद्रदर्शनाच्या दिवशी आत्याला ८१ दिव्यांनी ओवाळायला सुरुवात झाली, तिच्या चेहऱ्यावर तो उजेड पडला, आणि सांगतो तुम्हाला, ते नाकसुद्धा देवळाच्या कळसासारखं दिसायला लागलं. मी दोन पावलं मागे सरकलो, बटण दाबलं. लेन्सने एक आचका दिला आणि ती गप्प झाली. हाताने कडी फिरवून बघितली. हल्लीच्या अशा लेन्सची कडीसुद्धा विजेवर चालते, त्यामुळे ती नुसतीच फिरत राहिली. साधी लेन्स घरी राहिली होती. समारंभात फोन चाळीस होते आणि त्यांत मिळून चारशे फोटो निघाले. पैकी एकाही फोटोत आत्या एकटी नाही. एकात तर तिच्या खांद्यावर हात आहे. विडा नव्हता एवढंच.

आत्या काही बोलली नाही. "जेवून घे," म्हणाली. माणूस रागावला तर बरं असतं.

दुसऱ्या दिवशी खोकं, बिल, कार्ड असा सगळा लवाजमा घेऊन मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर गेलो. तिथे इतका गारवा होता की मी लेन्स असतो तर तिथून परतच आलो नसतो. टोकन घेतलं. काउंटरवरची मुलगी फार गोड होती. तिने लेन्स तपासायला आत पाठवली, अर्ध्या तासाने चिठ्ठी आली: मार नाही, पाणी नाही, धूळ नाही, बुरशी नाही, आतला भाग निकामी. मी मनातल्या मनात पेढे वाटले. मग तिने बिल बघितलं.

"सर, बिलावर नाव दुसऱ्या कोणाचं तरी आहे."

"हो. त्यांच्याकडून मी विकत घेतली."

हे वाक्य मला ११,८०० रुपयांना पडलं. दुरुस्तीचे १०,००० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी.

"म्हणजे तुम्ही ओरिजिनल पर्चेसर नाही."

"नाही. पण वॉरंटीची मुदत तर अजून चौदा महिने आहे ना?"

"मुदत आहे सर," ती अगदी समजुतीने म्हणाली. "पण तुमच्यासाठी नाही."

आता माझं म्हणणं काय ते नीट ऐका. कार्डाच्या पाठीमागे मुंगीच्या अक्षरात जी यादी होती ती मी भिंग लावून वाचली. लेन्स पडली तर वॉरंटी नाही. भिजली तर नाही. वाळू गेली तर नाही. बुरशी लागली तर नाही. जून ते सप्टेंबर जिथे कपाटातल्या चामड्याच्या चपलांना दाढी फुटते, त्या शहरात बुरशीची जबाबदारी न घेणं म्हणजे मासळीबाजारात बसून वासाची जबाबदारी न घेण्यासारखं आहे. तरीही मी म्हणतो, ठीक आहे. कारण ही सगळी कलमं लेन्सबद्दल आहेत. ती पडली का, भिजली का, हे लेन्सला विचारता येतं, आणि माझ्या लेन्सने सगळ्या प्रश्नांना खरी उत्तरं दिलीच होती. शेवटचं कलम मात्र लेन्सबद्दल नाही. ते माझ्याबद्दल आहे. "ही वॉरंटी फक्त मूळ ग्राहकापुरती मर्यादित असून हस्तांतरणीय नाही." आत तुटलेल्या भागाला काय माहीत, बाहेरून लेन्स धरणारा हात मुलुंडचा आहे की डोंबिवलीचा?

कंपनीच्या बाजूने बोलणारे लोक असतात. आमच्या इमारतीतच एक आहेत. ते म्हणाले, "दुसरा मालक लेन्स कशी वापरील याची कंपनीला काय खात्री?" अहो, पहिला कशी वापरील याची तरी कुठे होती? मुलुंडचं पोर आठ महिने ती लेन्स पाठीवर टाकून सह्याद्रीत हिंडलं. मी ती गॅलरीच्या बाहेर नेली नाही. शिवाय खात्री करून घ्यायला ते तपासणारे बसलेत ना आत गारव्यात? त्यांनीच तर चिठ्ठी दिली.

मग ते म्हणाले, "पण लेन्स चोरीची असली तर?" लेन्सच्या अंगावर नंबर कोरलेला असतो. बिलावर तोच नंबर असतो. नंबर जुळला, बिल खरं, मुदत बाकी. चोर सहसा बिल आणि टोपणासकट चोरी करत नाहीत. आणि एक सांगा, त्या लेन्सवर नंबर कोरलाय, मालकाचं नाव कोरलेलं नाही. कंपनीनेच ठरवलंय की वस्तूची ओळख नंबराने पटवायची. मग दुरुस्तीच्या वेळीच तिचा बाप कोण हे का विचारायचं?

"आणि कंपनीचा खर्च?" हा त्यांचा हुकमाचा पत्ता. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसापुढे हा टाकू नये. दोन वर्षांच्या वॉरंटीचा खर्च कंपनीने पहिल्या दिवशीच किमतीत धरलेला असतो. मुलुंडच्या मुलाने तो दोन वर्षांचा भरला. मी त्याला सोळा महिन्यांचे वेगळे दिले. एका लेन्सची हमी एकदा कंपनीने विकली आणि एकदा त्या मुलाने. दोन्ही वेळा पैसे गिऱ्हाइकाने दिले. आणि लेन्स बिघडल्यावर हमी कोणाचीच नाही. आमच्या बँकेत असा हिशोब कोणी दाखवला असता तर त्याला बढती नव्हे, चौकशी लागली असती.

कायद्यालासुद्धा हमी वस्तूबरोबर जाऊ द्यायची सवय आहे बरं का. तुम्ही तुमची जुनी स्कूटर विकता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम १५७ सांगतं की गाडी नव्या मालकाच्या नावावर झाली की तिच्या विम्याचं सर्टिफिकेट आणि पॉलिसीही त्याच्या नावे गेली असं मानायचं. नव्या मालकाने १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून नोंद करून घ्यायची, इतकंच. स्कूटर हातात घेऊन माणूस कोणाच्याही अंगावर जाऊ शकतो, तरी तिची हमी मालकाबरोबर बदलते. लेन्स घेऊन माणूस फार तर कोणाचा तरी वाईट फोटो काढील.

'वॉरंटी' या शब्दाचीच गंमत बघा. आपल्या १९३० च्या मालविक्री कायद्याच्या १२ व्या कलमात अटी दोन जातींच्या सांगितल्यात. एक 'कंडिशन', म्हणजे व्यवहाराचा प्राण. ती मोडली तर माल परत करता येतो. दुसरी 'वॉरंटी', म्हणजे व्यवहाराच्या कडेने जाणारी गोष्ट. ती मोडली तर फक्त नुकसानभरपाई मागायची, माल परत नाही. म्हणजे जो शब्द खोक्यावर सोनेरी अक्षरांत छापतात, तो कायद्याच्या पुस्तकात धाकट्या जावेसारखा दाराआड उभा आहे.

या सगळ्यापेक्षा मला जास्त लागलं ते वेगळंच. घरी येऊन मी झालेला प्रकार सांगितला, तेव्हा जो तो एकच सल्ला देऊ लागला. चिरंजीव फोनवर म्हणाले, "बाबा, तुम्ही खरं कशाला सांगितलंत? त्या मुलाला बरोबर न्यायचं, त्याने म्हणायचं माझीच लेन्स आहे, झालं काम." शेजारी म्हणाले तेच. वाण्याने तेच सांगितलं. सौ. म्हणाली, "अहो, त्याचं नाव सांगायचं आणि तुम्ही त्याचे काका म्हणून गेलात असं म्हणायचं. तो तुम्हाला काका म्हणालाच होता ना?"

म्हणजे हा नियम चोराला अडवत नाही. लबाडाला अडवत नाही. मुलुंडच्या मुलाला घेऊन खोटं बोलणारा बाहेर येतो तो दुरुस्त लेन्स घेऊन. अडतो फक्त तोच, जो काउंटरवर उभा राहून म्हणतो, "त्यांच्याकडून मी विकत घेतली." जगात खरं बोलण्यावर दंड असतो हे ऐकून होतो, त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो हे नवीन होतं. साठी उलटलेल्या माणसाला आपल्याच घरात सगळ्यांनी मिळून खोटं बोलायला शिकवावं, आणि ते सगळे व्यवहारी आणि तो एकटा खुळा ठरावा, ही त्या एका ओळीची करामत. माझं भांडण अकरा हजार आठशेचं नाही हो. या ओळीशी आहे.

तर मी लेन्स परत घेतली आणि बोराबाजारातल्या एका माडीवर गेलो. जिना असा की चढताना लेन्सची हमी राहू द्या, माझीच कोणी घेतली नसती. वर एक म्हातारे मिस्त्री डोळ्याला भिंग लावून बसले होते. त्यांनी बिल मागितलं नाही. खोकं मागितलं नाही. माझं नाव विचारलं नाही. लेन्स उघडली, आत बघितलं आणि चिमट्याने एक पातळ पट्टी उचलून दाखवली. लेन्स आतल्या आत पुढेमागे होते तेव्हा ही पट्टी रोज वाकते. वाकून वाकून तुटली. मोटर शाबूत होती. पट्टीचे आणि मजुरीचे मिळून २,८०० रुपये. तीन दिवसांनी लेन्स हातात आली आणि त्यांनी एका कार्डाच्या पाठीमागे तारीख घालून लिहिलं: '३ महिना'.

माझ्यातला बँकेचा कारकून जागा झाला. मी म्हटलं, "चाचा, इसपे मेरा नाम नहीं लिखा."

त्यांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं. बहुधा आत बुरशी आहे का ते बघत असावेत. म्हणाले, "नाम को क्या करना है? लेन्स लेके आना."

मोठमोठ्या इमारतींत बसून इंग्रजीत कार्डं लिहिणाऱ्यांना जे सुचलं नाही, ते त्या माडीवर चार शब्दांत झालं. लेन्स लेके आना. हमी म्हणजे दुसरं काय असतं?

तुम्ही म्हणाल, मग मिटलं की भांडण! मिटलं नाही. मिस्त्री भला निघाला हे माझं नशीब, आणि नशीब ही काही कंपनीची सेवा नव्हे. उद्या तो माडीवर नसेल तर? चांगल्या माणसांच्या जिवावर वाईट कलमं चालतात हीच तर आपली जुनी खोड आहे. शिवाय तो मिस्त्री लेन्स दुरुस्त करतो, कलम नाही.

म्हणून मी ग्राहक आयोगाकडे द्यायची तक्रार लिहायला घेतली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'ग्राहक' कोण याची व्याख्या आहे, आणि पैसे देऊन वस्तू घेणाऱ्याबरोबरच त्याच्या संमतीने ती वापरणारासुद्धा तिच्यात धरला आहे. माझं म्हणणं असं की मुलुंडच्या मुलाने मला संमती दिली नव्हती का? नुसती संमती नाही, टोपणसुद्धा दिलं! पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी तक्रारीला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. इथे मात्र पूर्ण दोन वर्षं माझीच आहेत, कोणी मूळ तक्रारदार कोण म्हणून विचारणार नाही. आयोग काय म्हणेल ते म्हणो. निदान त्या ओळीला कोणीतरी "का?" म्हणून विचारल्याची नोंद तरी कागदावर राहील.

तोवर तुम्हीही थोडं करा. नवी लेन्स, नवा मिक्सर, काहीही घ्याल तेव्हा पैसे द्यायच्या आधी दुकानदाराला विचारा, "उद्या मी ही विकली तर वॉरंटी तिच्याबरोबर जाईल का?" तो चमत्कारिक नजरेने बघेल. बघू दे. दहा गिऱ्हाइकांनी विचारलं की तो कंपनीच्या माणसाला विचारील. दुकानातून वापरलेली वस्तू घेतलीत तर बिल मागाच. बिल न देणं हीच कायद्याने अनुचित प्रथा आहे, आणि माल सदोष निघाला तर बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेली नसेल तर ३० दिवसांत, तो परत घ्यायला नकार देणंही तसंच. आणि कोणी "थोडं खोटं बोला, काम होईल" म्हणालं, तर एकदा तरी खरं बोलून बघा. महाग पडतं. पण कलम कुठे बोचतं ते त्याशिवाय कळत नाही.

लेन्स घेऊन मी पुन्हा आत्याकडे गेलो. या वेळी दिवे नव्हते, पाहुणे नव्हते. दुपारची ती खिडकीशी गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मी दोन पावलं मागे सरकलो. लेन्स आवाज न करता पुढे गेली, थांबली. बाहेरचा उजेड, पांढरे केस, आमचं ते नाक, आणि खांद्यावर कोणाचाही हात नाही.

चौकट करून नेऊन दिली. आत्याने चष्मा लावून बराच वेळ बघितली. पदराने काच पुसली, काच स्वच्छच होती.

"बरा आलाय," ती म्हणाली. मग चौकट कागदात गुंडाळून पलंगाखालच्या ट्रंकेत ठेवायला लागली. "पण आत्ताच कोणाला दाखवू नकोस. पोरं उगाच खिळा ठोकायला घेतील."